क्रेनताईच्या लेन्सची डबी

मी एक जुनी डबी आहे. तळहातावर मावेन एवढी, दोन खोलगट वाट्यांची आणि दोन झाकणांची. डाव्या वाटीचं झाकण पांढरं, उजवीचं निळं. सुया-दोरे किंवा औषधाच्या गोळ्या माझ्या वाट्याला कधी आल्या नाहीत. मित्रांनो, माझ्यात एका बाईची नजर ठेवलेली असायची.

सध्या माझा मुक्काम डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, एका काचेच्या बरणीत आहे. बरणीचं झाकण पक्कं बंद. दवाखान्यात येणारी मुलं मला बघतात आणि विचारतात, "ही मळकी डबी कशाला जपून ठेवलीय?" डॉक्टरीणबाई म्हणतात, "हिनं एक डोळा जवळजवळ घालवला, आणि हिनंच तो वाचवला." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ओतलं, साचा दाबला, उघडला, आणि माझ्यासारख्या शेकडो बहिणी टपाटप खाली पडल्या. तिथून मी चष्म्याच्या दुकानात आले. दुकानाच्या काचेतून रस्ता दिसायचा आणि रस्त्यापलीकडे एक उंच पिवळी क्रेन. ती दिवसभर फिरायची. तिच्या केबिनमध्ये बसणारी बाईच एके दिवशी मला घ्यायला आली.

तिला सगळे क्रेनताई म्हणत. बारा मजली इमारतीचं बांधकाम चालू होतं आणि तिथली क्रेन ती चालवायची. त्या कामावर तिच्याआधी क्रेनवर कुणी बाई बसली नव्हती. लांबचं दिसायला तिला जाड भिंगांचा चष्मा लागे. पण केबिनमध्ये बसून सारखं पायाखालच्या काचेतून वाकून बघावं लागतं. वाकलं की चष्मा घामावरून घसरत नाकाच्या शेंड्यावर. एकदा तर तो पडून पायाशी गेला आणि ती मिनिटभर चाचपडत राहिली. त्या मिनिटाला घाबरून ती दुकानात आली होती.

दुकानातले काका कामाला पक्के होते. त्यांनी तिला समोर बसवून डोळ्यात मऊ लेन्स घालायला आणि काढायला शिकवलं. मग मला उचलून म्हणाले, "आता हिचं ऐका. आधी हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे. लेन्स ठेवायची ती रोज नव्या द्रावणात. सकाळी उरलेलं द्रावण ओतून टाकायचं, डबी पुसून, उपडी घालून वाळवायची. तीन महिने झाले की ही डबी टाकायची आणि नवी घ्यायची. लेन्स घालून झोपायचं नाही. आणि नळाचं पाणी हिला दाखवायचंसुद्धा नाही."

"का हो काका? आम्ही तेच पाणी पितो की!"

"पोटाला चालतं ते डोळ्याला चालत नाही, ताई."

पहिले तीन महिने माझे सोन्याचे गेले. क्रेनताई रोज मला घासायची, पुसायची, खिडकीशी स्वच्छ कागदावर उपडी घालायची. तिची आई तिच्याबरोबर राहायची. ती म्हणायची, "पोरीपेक्षा डबीचीच आंघोळ लांबतेय." वाळले की क्रेनताई मला दिवसभर जॅकेटच्या छातीवरच्या जाळीच्या खिशात ठेवायची. लागलीच गरज तर जवळ असावी म्हणून. त्या जाळीतून मी केबिन पाहिली, खाली मुंग्यांसारखी माणसं पाहिली, आणि शिट्टीमामांना पाहिलं.

शिट्टीमामा म्हणजे स्लॅबवर उभं राहून क्रेनला खुणा करणारे. पन्नाशी ओलांडलेले, उन्हानं रापलेले, गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर वॉकीटॉकी. हात वर म्हणजे वर, मूठ म्हणजे थांब. क्रेनताईचा आणि त्यांचा मेळ असा, की पुढचा मजला बांधणारे म्हणत, "या दोघांनी ठरवलं तर अंड्यावर अंडं ठेवतील." तिची नजर तीक्ष्ण झाली होती आणि त्यात थोडा वाटा माझाही होता. मला अभिमान वाटायचा.

मग काम वाढलं. स्लॅब लवकर टाकायचे म्हणून उजाडायच्या आत घर सोडावं लागे. एका सकाळी घाईत तिनं माझ्यातलं द्रावण ओतून टाकलं नाही, संध्याकाळी त्यातच थोडं नवं ओतलं. शिळ्यात ताजं! दुसऱ्या दिवशी तेच. उपडी घालून वाळवणं संपलं. दमून आली की ती लेन्स न काढताच झोपू लागली. तीन महिने उलटले, चार झाले, पाच झाले. नवी डबी कपाटात कागदी वेष्टनात तशीच पडून राहिली आणि मी रजेशिवाय राबत राहिले. डाव्या वाटीच्या तळाशी एक बुळबुळीत थर धरला. डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ. पण मला तो जाणवायचा. अंगावर कुणीतरी बसून आहे, असं वाटायचं.

एके दिवशी वारा सुटला. सिमेंटची धूळ केबिनच्या फटीतून आत शिरली. जेवणाच्या सुट्टीत क्रेनताई डोळा चोळत खाली उतरली. डावी लेन्स काढली. द्रावणाची बाटली घरी राहिलेली. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि बांधकामाच्या मोठ्या टाकीचा नळ सोडला. लेन्स त्या पाण्यात खळबळली. मग मलाही खळबळलं, आणि त्याच पाण्यानं भरून लेन्स माझ्यात दहा मिनिटं भिजत ठेवली.

पाणी गार होतं. दिसायला नितळ होतं. पण त्या पाण्याबरोबर कुणीतरी आलं आणि माझ्या डाव्या वाटीत, त्या बुळबुळीत गादीवर, आरामात मुक्कामाला राहिलं. मी घाबरले. मित्रांनो, ज्या घरात चोर शिरला आहे त्या घराच्या भिंतींना काय वाटत असेल, ते मला त्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्या रात्री लेन्स माझ्यात यायची, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती त्या पाहुण्याला घेऊन डोळ्यात जायची.

आधी नुसती खाज होती. मग डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. मग उजेड सहन होईना. सकाळी खिडकी उघडली की ती तोंड फिरवायची.

"डोळा का गं लाल? रडलीस?" आईनं विचारलं.

"धूळ गेली, आई."

"धूळ एका दिवसात जाते. ही आठवडाभर राहायला आली का?"

क्रेनताईनं औषधाच्या दुकानातून लाली घालवायचे थेंब आणले, कुणालाही न दाखवता, न विचारता. थेंब घातले की डोळा दोन तास पांढरा दिसायचा. आतलं दुखणं तसंच राहायचं. उलट वाढायचं. ती आरशासमोर उभी राहून डोळा ताणून बघायची आणि स्वतःलाच सांगायची, "कमी आहे आज. बरंच कमी आहे." आरशाखाली मी असायचे. मला ठाऊक होतं, कमी नव्हतं.

एका संध्याकाळी आई तिच्यासमोर येऊन बसली. "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर."

"उद्या नको. महिनाअखेरीला कामावरची वार्षिक तपासणी आहे. डोळ्याचं नाव काढलं तर मला लगेच खाली उतरवतील. मला वर चढवताना सुपरवायझर काय म्हणाले होते, माहितेय ना? म्हणे, बघू किती दिवस टिकते. एकदा उतरले की परत कोण चढू देणार मला?"

"आणि वरून काही पडलं तर?"

क्रेनताई उठून थेंबांची बाटली शोधायला लागली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. ऊन समोरच्या काचेतून थेट आत येत होतं. लोखंडी सळयांचा भारा खालून उचलून नवव्या मजल्यावर ठेवायचा होता. तिथं दोन सळईकाम करणारे उभे होते आणि त्यांच्या थोडे मागे शिट्टीमामा. भारा वर आला, आडवा सरकला. जाळीच्या खिशातून मला वर क्रेनताईचा चेहरा दिसत होता. ती डावा डोळा सारखा मिटत होती. त्यातून पाण्याची धार लागली होती. एका डोळ्यानं बघायला गेलं की लांब-जवळचा अंदाज चुकतो. भारा तिला वाटला त्यापेक्षा बराच खाली होता.

सळयांची टोकं खांबाच्या उभ्या लोखंडाला धडकली. भारा गर्रकन फिरला. एका कामगाराचं हेल्मेट उडालं. डोकं राहिलं. टोक वीतभर जरी खाली असतं, तरी मी ही गोष्ट तुम्हाला सांगू शकले नसते.

कर्कश शिट्टी वाजली. "थांब! ताई, थांब! जागच्या जागी!"

तिनं क्रेन चालवायचे दांडे सोडले. सगळं थांबलं, नुसता भारा झोके घेत राहिला. तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"मामा, मला दिसत नाहीये."

"काय म्हणालीस?"

"डाव्या डोळ्यानं काहीच नीट दिसत नाही. उजव्यातूनही पाणी वाहतंय. मला भारे दोन दिसतायत."

मामांना धक्का बसला असणारच. पण आवाजात त्यांनी तो येऊ दिला नाही. "बरं. दोन दिसतायत तर एकाकडेही बघू नकोस. डोळे मीट. हात दांड्यांवर ठेव. मी सांगतो तेवढंच करायचं, तसूभर जास्त नाही."

"माणसं बाजूला केलीत?"

"सगळी जिन्यात आहेत. स्लॅबवर मी एकटा."

"तुम्ही पण जा, मामा."

"मग तुला सांगणार कोण, तुझी आई? गप ऐक. आधी झोका थांबू दे. थांबू दे... हं. आता उजवीकडे, गोगलगायीसारखं. आणखी. बस! आता खाली. खाली. खाली. सावकाश, घाई कसली? खाली... टेकला."

क्रेनताईनं दांड्यांवर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. रडता रडता तिनं दोन्ही लेन्स काढल्या. डावी निघेना, डोळ्याला चिकटून बसली होती. निघाली तेव्हा ती किंचाळली. लेन्स माझ्यात टाकून तिनं झाकणं लावली.

आता उतरायचं कसं? केबिनपासून नवव्या मजल्यापर्यंत क्रेनच्या खांबातून सरळसोट शिडी, आणि हिला पायाखालची दांडीसुद्धा दिसेना. शिट्टीमामा स्लॅबवरून फळ्यांच्या अरुंद वाटेनं खांबात आले आणि धापा टाकत वर चढले. गुडघेदुखीमुळे ते कित्येक महिन्यांत शिडी चढले नव्हते. ते तिच्या एक पायरी खाली राहिले. "पाय दे," ते म्हणायचे, आणि तिचा बूट हातात धरून दांडीवर ठेवायचे. "हं. आता दुसरा." वारा शिडीतून घोंघावत होता. मी खिशात होते आणि माझी झाकणं उघडून मी निसटते की काय, या भीतीनं मेले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःपेक्षा तिची काळजी जास्त वाटली.

स्लॅबवर पाय टेकल्यावर मामांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"सोळा दिवस."

"म्हणजे सोळा दिवस तू आमच्या डोक्यावरून आंधळा भारा फिरवत होतीस." ते ओरडले नाहीत, म्हणून तिला ते शब्द फार लागले. तिचे डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्याकडे पाहिलं, मळका होता म्हणून परत ठेवला आणि तिचा हात धरून थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळा यंत्रातून पाहिला. बराच वेळ पाहिला. क्रेनताईची आई तोवर धावत येऊन पोचली होती.

"लेन्स घालून झोपता?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे किती?"

"आठवड्यातून तीन-चारदा."

"लेन्स पाण्यानं धुतली होती कधी?"

क्रेनताई हळूच म्हणाली, "एकदा. टाकीच्या."

तेवढ्यात आईला जॅकेटच्या खिशात मी दिसले. तिनं मला बाहेर काढलं, एक झाकण उघडून वास घेतला आणि तिचं तोंड कडवट झालं. "हीच ती अवदसा!" म्हणत तिनं मला कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात भिरकावलं. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगते, माझी तक्रार नव्हती.

"अहो थांबा!" डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. "ती माझी साक्षीदार आहे." त्यांनी हातमोजे घातले, मला डब्यातून उचललं आणि एका पिशवीत बंद केलं. मग त्या आईशी बोलल्या, पण ऐकायचं होतं ते लेकीनं. "बुबुळाला जखम आहे आणि ती पसरतेय. जंतू कोणता ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येणार नाही. डोळ्यातून नमुना घेते, पण तो कणभरच मिळतो. त्यात सापडेलच असं नाही. डबीत मात्र तो भरपूर असेल."

"डोळा वाचेल ना?" आईनं विचारलं.

"प्रयत्न करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हो त्या म्हणाल्या नाहीत.

प्रयोगशाळेत माझ्या डाव्या वाटीचा तळ कापसाच्या बोळ्यानं खरवडून काढला. ते काचेच्या थाळीत पसरून उबेला ठेवलं. मी शेजारच्या फडताळात पडून होते. आता सगळं खापर माझ्यावर फुटणार हे दिसत होतं, आणि ते फुटावं असंच मला वाटत होतं. कारण माझ्यात काही सापडलं नाही, तर तिकडे तो डोळा औषधावाचून जाणार होता. तीन दिवस मी एकच गोष्ट मागत होते: मला दोषी ठरवा.

चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली तंत्रज्ञ ताठ झाली आणि तिनं फोन उचलला. डोळ्यातल्या नमुन्यात काही स्पष्ट दिसत नव्हतं. माझ्यात मात्र तो जंतू खच्चून भरला होता. तुमच्या शाळेच्या पुस्तकात अमीबाचं चित्र असतं ना, त्याचाच हा एक भाऊबंद. पाण्यात राहतो, मातीत राहतो. संकट आलं की अंगाभोवती कवच करून दबा धरतो. नेहमीच्या थेंबांना तो जुमानत नाही. त्याचं औषध वेगळं असतं. ते त्याच दिवशी सुरू झालं.

पुढचं मी स्वतः पाहिलं नाही. मला वाफेत शिजवून निर्जंतुक केलं आणि या बरणीत ठेवलं. तपासणीला आल्यावर आई सांगायची, ते बरणीतून ऐकलं. सुरुवातीला दर तासाला थेंब. आई गजर लावायची आणि तो वाजायच्या आधीच जागी असायची. घराला जाड पडदे लावले होते. उजेडाची तिरीपसुद्धा सुईसारखी टोचायची. क्रेनताई डोक्यावर चादर घेऊन पडायची आणि विचारायची, "आई, दुसराही जाईल का गं?" आई म्हणायची, "नाही जात." मग स्वयंपाकघरात जाऊन रडून यायची. असं आठवडेच्या आठवडे चाललं. मग थेंब कमी झाले, पडदे थोडे सरकले. पण औषध पूर्ण थांबायला आठ महिने लागले.

आठव्या महिन्यात तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. मी टेबलावरून बघत होते. उजव्या डोळ्यानं चष्मा लावून तिनं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. मग उजवा झाकला. डाव्यानं पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीला ती अडखळली. पाचवीला थांबली.

"पुढचं नुसतं धुकं आहे," ती म्हणाली.

बुबुळावर मोहरीएवढा पांढरा डाग राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "डोळा वाचला. हे थोडं नाही. पण क्रेनवर आता चढायचं नाही."

"किती दिवस?"

"या डोळ्यानं नाहीच."

क्रेनताईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाहेर बाकावर शिट्टीमामा बसले होते. त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि ओळखलं. "स्लॅबवर ये," ते म्हणाले. "माझे गुडघे वर्षभर टिकतील. तेवढ्यात खुणा शिकून घे. वर बसलेल्याला खाली काय चाललंय ते तुझ्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?"

ती स्लॅबवर कामाला गेली. पण आधी ज्याचं हेल्मेट उडालं होतं त्या कामगाराची माफी मागून आली. तो हसला म्हणे. "ताई, हेल्मेट नवं मिळालं. डोकं जुनंच आहे." पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना हे सांगताना क्रेनताईही हसली. मग तिचं हसू विरलं. "पण भारा वरून जायला लागला की तो अजून दोन पावलं मागे सरतो," ती म्हणाली. "मी रोज बघते."

मित्रांनो, लेन्स वाईट नसतात. माझ्यासमोरून कितीतरी मुलंमुली लेन्स घेऊन आनंदानं जातात आणि त्यांचे डोळे ठणठणीत राहतात. डॉक्टरीणबाई त्यांच्या हातात नवी कोरी डबी ठेवतात. पांढरं झाकण, निळं झाकण, माझ्या जन्माच्या दिवशी मी होते तश्शी. ती डबी दाराबाहेर जाईपर्यंत मी बघत राहते. हिला कुणी पाणी दाखवणार नाही ना? हिला कुणी वाळवेल ना? तीन महिन्यांनी हिला कुणी निरोप देईल ना?

आणि इतकं करूनही डोळा लाल झालाच, खुपलाच, उजेड नकोसा झालाच, तर तेवढ्यापुरते थेंब घालून तो पांढरा करू नका. लेन्स काढा. परत घालू नका. चष्मा लावा, आणि घरी सांगा, शाळेत सांगा, डॉक्टरांना सांगा. सामना असो, परीक्षा असो, नाहीतर कुणी काही म्हणेल याची भीती असो, त्याच दिवशी सांगा. सोळा दिवस मला सगळं ठाऊक होतं, पण माझ्या तोंडाला झाकण होतं. तुमच्या तोंडाला नाही.